काकूंच्या घरी यंदा दिवाळी नाही

प्रिय मावशी,
आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या काकूंचे यजमान आषाढात गेले. मुलगा कॅनडात असतो, दिवसपाणी करून परत गेला. दरवर्षी माझ्या चकल्यांचा पहिला घाणा काकूंच्या नजरेखाली निघायचा. यंदा मी त्यांना चक्क टाळतेय. काकांच्या चपला अजून दाराबाहेरच्या स्टँडवर आहेत, त्या दिसल्या की बेलकडे हात जात नाही. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "यंदा आमच्याकडे दिवाळी नाही गं." मी नुसतं "हो ना" म्हणून खाली उतरले. रात्री झोप लागली नाही. सासूबाई म्हणतात, दुःखाच्या घरात सणाचं ताट नेऊ नये, त्यांना जास्तच लागेल. जाऊ की नको? आणि गेले तर बोलू काय?
– समोरच्या दारातली

प्रिय समोरच्या दारातली,

जा. फराळ घेऊन जा, आणि वसुबारसेची वाट न बघता जा.

"आमच्याकडे दिवाळी नाही" याचा अर्थ आपण हल्ली उलटा लावायला लागलोय. मृत्यू झालेल्या घरात वर्षभर सणाची कढई चढत नाही, ही रीत अनेक घरांत आहे. पण तिचा दुसरा भाग असा, की त्या घरी फराळ बाहेरून जातो. नातेवाईक आणतात, शेजारी आणतात. कढई त्यांनी चढवायची नसते, ताट आपण न्यायचं असतं. सुतक म्हणशील तर ते दहा दिवसांचं, आषाढातच फिटलं. सासूबाईंशी यावरून वाद मात्र घालू नको. त्यांनाही तिथे जाऊन काय बोलावं हे सुचत नसेल. त्यांनाच म्हण, "आई, तुम्ही बरोबर चला, मला एकटीला अवघड वाटतंय."

माझे वडील भाद्रपदात गेले, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्या दिवाळीत आमच्याकडे डबे खूप आले. लोक दारात डबा द्यायचे आणि "येते हं" म्हणून निघायचे. एक शेजारीण मात्र आत आली. चिवड्याचा डबा ओट्यावर ठेवला, आईसमोरची मेथीची जुडी आपल्याकडे ओढली आणि निवडत बसली. जुडी संपेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादांना चिवड्यात खोबरं जास्त लागायचं ना?" आई रडली. आणि मग अर्धा तास बाबांबद्दल बोलत राहिली, ते गेल्यापासून पहिल्यांदाच. मी आतल्या खोलीतून ऐकत होते.

म्हणून बोलायचं काय, याचं माझं उत्तर एवढंच: काकांबद्दल बोल. त्यांचं नाव काढलं तर काकूंना आठवण होईल, अशी भीती बाळगू नको. त्या दुसरं काही आठवतच नसतील. त्यांना रडू आलं तर येऊ दे, घाईघाईने पाणी आणायला उठू नको. "सुटले हो," "आता मुलाकडे जाऊन राहा," "मन रमवा कशात तरी" ही वाक्यं लोक चांगल्या मनानेच म्हणतात, पण ऐकणाऱ्याला ती दार लावल्यासारखी वाटतात. "काही लागलं तर सांगा" हेही नको. काकू कधीच सांगणार नाहीत. त्यापेक्षा म्हण, "उद्या चार वाजता मी चकल्यांचं पीठ भिजवतेय. मोहन किती घालू ते तुम्हीच सांगायचं. आणि सोऱ्या तुमचाच घेऊन या, माझ्या सोऱ्याला काटे येत नाहीत." त्यांच्या घरात कढई नाही, तुझ्या घरात आहे ना? नाही आल्या तर रुसायचं नाही, चार चकल्या गरम असतानाच नेऊन द्यायच्या.

त्या आल्या, तर निघताना कुंकवाचा प्रश्न येईलच. करंडा लपवू नको. "काकू, लावू का?" असं सरळ विचार. त्या हो म्हणाल्या तर लाव, नको म्हणाल्या तर आग्रह नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 4 मे 2022 ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एक गाव हे करू शकतं, तर आपला तिसरा मजला का नाही?

पाडव्याची सकाळ मात्र खास लक्षात ठेव. घराघरांत नवऱ्याचं औक्षण चाललेलं असेल, भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज येतील, आणि काकू त्या वेळी एकट्या असतील. त्या दिवशी ताट-बिट काही नको. तुमचं औक्षण उरकलं की दोन कप चहा घेऊन जा. मुलाचा फोन कधी येतो तेही विचार, म्हणजे उरलेला दिवस तुला कळेल.

आणखी एक, हे नीट वाच. दुःख चार महिन्यांत ओसरत नाही, तशी घाईही करू नये. पण काकू जेवत नसतील, रात्र रात्र जाग्या असतील, बीपीच्या गोळ्या सोडल्या असतील, किंवा "आता जगून काय करायचं" असं पुन्हापुन्हा म्हणत असतील, तर "असं बोलू नये" म्हणून विषय मिटवू नको. शांतपणे विचार, "काकू, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं करायला वाट मिळते. उत्तर हो आलं, तर त्यांना एकटं सोडू नको. मुलाला कळव, डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, 14416 या नंबरवर, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. तुला स्वतःला काही सुचेनासं झालं, तर तूही फोन कर.

आणि त्यांचा सोऱ्या लगेच परत करू नको. भाऊबीज संपते, पाहुणे जातात, कंदील उतरतात, मग फोनही थांबतात. तुळशीचं लग्न होऊ दे. तेव्हा सोऱ्या घासूनपुसून घेऊन जा, आणि जाताना दुपारचा वेळ मोकळा ठेवून जा.

तुझी,
मावशी