प्रादेशिक ब्रुअरीची नवी बिअर आणि गावाचा अभिमान यांचा खरोखर काही संबंध असतो का?

संबंध असतो, आणि जर्मनीतील कोलोन शहराइतके त्याचे बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. तेथील बिअरला ‘क्योल्श’ म्हणतात. शहराच्या बोलीचे नावही तेच आहे, त्यामुळे बिअर आणि बोली यांचा अभिमान वेगळा काढताच येत नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यात तेथील ब्रुअरींनी आपसांत करार करून क्योल्श कशास म्हणावे हे ठरवले: फिकट रंगाची, गाळून स्वच्छ केलेली आणि उबदार तापमानात वरच्या थरात काम करणाऱ्या यीस्टने आंबवलेली बिअर. पुढे 1997 मध्ये युरोपीय संघाने या नावाला भौगोलिक संरक्षण दिले.

नव्या बिअरचा प्रश्न येथेच रंजक होतो. न गाळलेली, गढूळ बिअर बाजारात आणायची झाल्यास तिला क्योल्श म्हणता येत नाही, म्हणून काही ब्रुअरी ती ‘व्हीस’ या जुन्या स्थानिक नावाने विकतात. म्हणजे नावीन्यही अखेर गावच्याच शब्दकोशातून येते. शेजारच्या ड्युसेलडॉर्फची तांबूस ‘आल्टबिअर’ही वरच्या यीस्टनेच आंबवली जाते, पण हे साम्य कोणत्याही कोलोनकराला ऐकवू नये. दोन्ही शहरांची चुरस जुनी असून चेष्टेचे मुख्य हत्यार बिअर हेच आहे.

माझ्या मते, केवळ लेबलावर गावाची वेस छापून हा अभिमान निर्माण होत नाही.