जिभेवरची साखर आणि रक्तातली

प्रश्न : आमच्या ह्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. शेजाऱ्यांनी कुंपणावरच्या वेलीचा पाला आणून दिला, बेडकीचा पाला म्हणतात. दोन पानं चावली की साखर गोडच लागत नाही! ह्यांचं म्हणणं, जिभेवरची साखर मारतो तो रक्तातली मारणारच. परवापासून मेटफॉर्मिनची रात्रीची गोळी बंद केलीय. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी त्यांना आजची गोळी द्या, मग पुढचं वाचा.

वेल खरी दिसतेय. हीच मधुनाशिनी, हिंदीतली गुडमार. शाळेत असताना आजोळी मामानं मला तिची दोन पानं चावायला लावली होती. कडवट चव. वर गुळाचा खडा तोंडात टाकला तर निव्वळ माती, आणि साखर म्हणजे वाळू. चहा नुसता गरम, तुरट. लिंबू मात्र आंबटच लागलं. अर्ध्यापाऊण तासानं गोडी परत आली. या पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या जागा अडवून बसतात, एवढाच तो चमत्कार. साखर पोटात जायची ती जातेच.

रक्तातल्या साखरेवर काहीच परिणाम नाही, असंही मी म्हणणार नाही. म्हसकर आणि केअस या संशोधकांनी १९३० सालीच या वेलीवर सविस्तर अभ्यास छापला. १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला पानांचा अर्क दिला, रोज ४०० मिलिग्रॅम, दीड वर्षाहून जास्त. साखर उतरली, पाच जणांची गोळी सुटलीही. पण तो मोजून दिलेला अर्क, तोही रक्त तपासत तपासत. शिवाय माणसं अवघी २२. तुमच्या कुंपणावरच्या दोन पानांत किती आम्ल आहे, हे ना शेजाऱ्यांना ठाऊक ना मला.

गंमत म्हणजे बंद केलेल्या त्या गोळीचं मूळही पाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाचं झुडूप मिळतं. त्यातलं गॅलेजीन साखर उतरवायचं, पण विषारी. त्याच्याच जातकुळीतलं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये पॅरिसचे डॉक्टर झां स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिल्याचं प्रसिद्ध केलं. पाल्यापासून गोळीपर्यंतची ती सगळी वर्षं तुमचे हे एका रात्रीत उलटी चालून गेले!

पाला खायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून. ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, भोवळ यांकडे लक्ष ठेवा. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी तपासणी करून घ्या.

आणि हो, पान चावल्यावर चहा अगोड लागतो म्हणून ते वर दोन चमचे साखर घालून घेत नाहीत ना, तेवढं बघा. माझ्या मामानं तेच केलं होतं.