एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायद्याखालचं) पहिलं अपील हाती घेताना

नाशिकच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली की अपील मुंबईला, उच्च न्यायालयात, 60 दिवसांत. निकाल वाचण्याआधी पंचनामा वाच. माल अंगावर सापडला की पिशवीत? कलम 50 फक्त अंगझडतीला लागतं. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला होता का? नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा बलदेव सिंग निकाल (1999) भक्कम आधार आहे. पिशवीतल्या मालावर मात्र हा मुद्दा रेटू नकोस, त्याने तुझे चांगले मुद्देही हलके पडतात. तिथे कलम 42ची लेखी नोंद (झडतीआधी मिळालेल्या खबरीची), 52-अ खालचे, दंडाधिकाऱ्यासमोर काढलेले नमुने, सील, मुद्देमाल रजिस्टर ताडून बघ. पंचांची उलटतपासणी शब्दन् शब्द वाच. आणि शिक्षा स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच दे. माल व्यावसायिक प्रमाणातला असेल तर कलम 37 (जामिनावरच्या कडक अटी) आडवं येईल.