निकाह, नोंदणी आणि वाटणी

प्रश्न : मी हिंदू असून माझ्या मुस्लिम सहकाऱ्याशी लग्न करण्याचे ठरले आहे. धर्म दोघांनाही बदलायचा नाही. मात्र घरात निकाह लागावा, अशी त्याच्या आईची इच्छा आहे. तेवढे पुरेल का? वडिलांच्या मिळकतीवरचा माझा हक्क जाईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नुसत्या निकाहावर आपण विसंबू नये. धर्मांतर न करता हिंदू स्त्रीने मुस्लिम पुरुषाशी लावलेला निकाह ‘फासिद’, म्हणजे अनियमित मानला जातो. केरळमधील एका वारसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितले : मुलगा औरस आणि वडिलांचा वारस, पत्नीला मेहर (निकाहात पतीने पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम) मिळेल, पतीच्या मिळकतीत वाटा मात्र नाही.

म्हणून लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करावे. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयाच्या फलकावर ३० दिवस लागते. शिवाय कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर तिची प्रत तिकडच्या कार्यालयातही लावली जाते. जोडप्यांना धडकी भरते ती या प्रतीची, कारण घरच्यांना सांगण्याआधीच गावात बोभाटा होतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही प्रसिद्धी ऐच्छिक ठरवली असली, तरी महाराष्ट्रात त्या भरवशावर राहू नये; घरी आधी आपणच सांगितलेले बरे. हरकत कोणीही घेऊ शकतो, पण ती वय, आधीचा हयात जोडीदार, मानसिक अक्षमता किंवा निषिद्ध नाते याच कारणांवर टिकते. ‘आईवडिलांची संमती नाही’ ही हरकतच नव्हे. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमक्ष लग्न लागले पाहिजे.

आता मिळकत. या लग्नामुळे आपण वडिलांच्या एकत्र कुटुंबातून विभक्त झालात, म्हणजे आपला हिस्सा वेगळा निघाला, असे कायदा मानतो. त्यामुळे वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा बुडत नाही, आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्राने ती दुसऱ्याला दिली नसल्यास, आपण मुलगी म्हणून वारस राहता. आपल्या दोघांच्या मिळकतीला पुढे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होईल. त्यानुसार, मृत्युपत्र नसल्यास, पतीच्या पश्चात पत्नीला एक-तृतीयांश आणि उरलेले मुलांना मिळते.

सासूबाईंचा मान राखायचा असेल, तर नोंदणी आटोपल्यावर घरी निकाह जरूर लावावा. मात्र निकाहनाम्याबरोबर धर्मांतराचा कागद पुढे आला, तर त्यावर सही करू नये.