तेलाच्या शोधात जमिनीतून काढलेल्या दगडांची लॅबमध्ये नेमकी काय तपासणी करतात? दगडात तेल दिसतं का?

बहुतेक वेळा नाही दिसत. मी काही वर्षं अशा लॅबमध्ये काढलीत, सुरुवातीला मलाही वाटायचं दगड फोडला की तेल ठिबकणार, आणि हातात आली ती चिखलाने माखलेला चुरा भरलेली कापडी पिशवी. ड्रिलिंगचा बिट दगड भरडत खाली जातो, तो चुरा मडबरोबर, म्हणजे विहिरीत फिरवतात त्या चिखलासारख्या द्रवाबरोबर, वर येऊन चाळणीवर अडकतो, त्यालाच कटिंग्ज म्हणतात. कोअर म्हणजे दगडाची सलग दांडी, ती काढायला वेळ आणि पैसा दोन्ही खूप जातो म्हणून मोजक्याच ठिकाणी काढतात.

आता गोम अशी की चुरा वर यायला वेळ लागतो, खोल विहीर असेल तर तासाच्या वरही, तोवर बिट आणखी खाली गेलेला असतो, शिवाय वरच्या थरातले तुकडे ढासळून त्यात मिसळतात ते वेगळंच. त्यामुळे पिशवीवर २४०० मीटर लिहिलंय म्हणून आतला प्रत्येक कण २४०० मीटरचाच असं कुणी समजू नये. धुतानाही जपावं लागतं, जोरात धुतलं तर मऊ चिकणमाती पाण्याबरोबर वाहून जाते आणि नंतर रिपोर्टमध्ये तो थर वाळूचाच वाटतो.

मग मायक्रोस्कोप. संशय आला तर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब, चुनखडी असेल तर लगेच फसफसते, डोलोमाइट सावकाश. त्यानंतर अंधार करून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ट्रे धरायचा. तेल असलेले कण चमकतात, जड तेल तपकिरी-नारिंगीकडे, हलकं पिवळ्या-निळसर पांढऱ्याकडे. चमकणारा एक कण उचलून त्यावर सॉल्व्हंटचा, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवाचा, थेंब सोडला की कणातून धुरासारखी फिकट रेघ निघून पसरत जाते. हे बघायला मला कधीच कंटाळा आला नाही.

पण चमकतं ते सगळं तेल नसतं, काही खनिजं स्वतःच चमकतात. एकदा माझ्या ट्रेमध्ये भरपूर चमक दिसली आणि मी उत्साहात सीनियरना हाक मारली, त्यांनी काही न बोलता सुईने एक कण फोडला, बाहेरून झगझगीत आणि आतून काळाकुट्ट. ड्रिल पाईपच्या आट्यांना लावतात ते ग्रीस होतं. तेव्हापासून कण फोडल्याशिवाय मी कुणाला हाक मारली नाही.

दुसरी बाजू म्हणजे तेल जिथे तयार झालं तो दगड, सोर्स रॉक. त्यात आधी सेंद्रिय कार्बन मोजतात. मग रॉक-इव्हॅल नावाच्या मशीनमध्ये चिमूटभर पूड हवा लागू न देता तापवतात. साधारण ३०० अंशांना आधीच मोकळं असलेलं तेल उडून जातं, त्यापुढे तापमान वाढवत नेलं की केरोजन, म्हणजे दगडातला घन सेंद्रिय पदार्थ, तुटून नवं तेल-वायू निघतो. मशीनच्या आलेखात या दोन्हींचे दोन उंचवटे दिसतात. हा दुसरा उंचवटा ४३५ अंशांच्या बराच अलीकडे आला तर दगड अजून कच्चा, ४७० च्या पुढे गेला तर तेलाचा काळ सरला, मिळाला तर गॅस. केरोजनच्या प्रकारानुसार आकडे थोडे मागेपुढे होतात. आणि ग्रीस इथेही घोळ घालतंच.

कोअर मिळाला तर इंच-दीड इंच व्यासाचे प्लग कापतात, टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटने धुतात, वाळवतात, मग हेलियम भरून छिद्रांचं प्रमाण म्हणजे पोरॉसिटी काढतात आणि गॅस ढकलून तो किती सहज आरपार जातो ते बघतात. ही पर्मिएबिलिटी, मिलिडार्सीमध्ये मोजतात, हे नाव हेन्री डार्सीवरून आलंय, ज्याने १८५६ मध्ये वाळूतून पाणी कसं वाहतं त्याचे प्रयोग छापले होते.

पोरॉसिटी सारखीच असलेल्या दोन प्लगपैकी एकातून तेल भराभरा येऊ शकतं आणि दुसरा हूं की चूं करत नाही. बऱ्याचदा कारण असतं इलाइट, छिद्रात केसांसारखं वाढणारं क्ले, म्हणजे चिकणमातीचं खनिज. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अगदी कोळ्याचं जाळं वाटतं. आणि गंमत म्हणजे प्लग नेहमीच्या ओव्हनमध्ये वाळवला की हे केस भिंतीला चिकटून बसतात, वाट मोकळी होते आणि पर्मिएबिलिटी खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त येते. म्हणून कुणी छान आकडा दाखवला की मी आधी विचारतो, प्लग वाळवला कसा?