दार लावलं की कोणीच दिसत नाही

प्रश्न :
ताई नमस्कार. मी ७१ वर्षांची आहे, मोबाईलवर लिहिता येत नाही म्हणून मी बोलतेय आणि नात टाइप करतेय. १९७३ ला लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत आले, १६० फुटाची खोली आणि सासू सासरे दीर नणंदा धरून नऊ माणसं. मिस्टर गिरणीत होते, ८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच, मग मी डबे करून घर चालवलं. मिस्टरांना जाऊन बारा वर्षं झाली. मधे चाळ पाडायची म्हणून काही वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि आता तिथेच टॉवरमध्ये ५०० फुटाचा फ्लॅट मिळालाय, २३ वा मजला, संडास घरात, उजेड भरपूर, मी वाईट म्हणतच नाही. पण मला करमत नाही हो. दार लावलं की कोणीच दिसत नाही. लॉटरीत नंबर लागले त्यामुळे माझी ४० वर्षांपासूनची शेजारीण दुसऱ्या विंगला गेली, आणि लिफ्टमध्ये मला एकटीला भीती वाटते. वेगळी खोली दिलीय त्यात झोपच लागत नाही. मुलगा म्हणतो एवढं कोटीचं घर मिळालं आणि तू रडतेस. परवा एका बारशाला गेले, पाळणा म्हटला, खूप हसले, आणि घरी आल्यावर वाटलं हे नाहीत आणि मी काय अशी हसत बसले. या वयात बदल जमतो का ताई?

उत्तर :
मावशी नमस्कार, आधी तुमच्या मुलाला सांगते (नात वाचून दाखवेल त्याला), घर कोटीचं आहे हे खरं आणि आईला रडू येतं हेही खरं, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. जी चाळ पाडली ती १९२० च्या दशकात बांधलेली, एका मजल्यावर २० खोल्या, तळमजला धरून चार मजले म्हणजे ८० बिऱ्हाडं, आणि त्यात तुमच्या आईचं अख्खं आयुष्य गेलं. नवऱ्याचा शर्ट ज्या खिळ्याला अडकवायची ती भिंतसुद्धा आता नाही. माणूस गेल्यावर आपण दिवस पाळतो, घर गेल्यावर सामान हलवायच्या गडबडीत तेवढीही सवड कोणाला मिळत नाही.

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही विचारताय या वयात बदल जमतो का. मावशी, गावाहून येऊन १६० फुटात आठ जणांशी जमवून घेतलं, संपात बाकीचे सगळे हवालदिल झाले तेव्हा पोळपाट लाटणं घेऊन उभ्या राहिलात. गिरणगावात तुमच्यासारख्या कितीतरी बायका खानावळी चालवायच्या, प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं ते काय उगाच नाही. तेव्हा जमतं का हा प्रश्न तुम्ही नका विचारू, तुमचं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी असं मला वाटतं.

चाळीत माणसं आपोआप भेटायची. पॅसेजमधून जाताना, संडासाच्या लाईनीत, दारात बसून तांदूळ निवडताना, कोणाला बोलवावं लागत नव्हतं, उलट जरा गप्प बसू द्या म्हणायची वेळ यायची. टॉवरमध्ये भेट ठरवावी लागते आणि आपल्या पिढीला मैत्रिणीला वेळ देऊन भेटायची सवयच नाही, ते आपल्याला परक्यासारखं वाटतं. माझ्या आईचं लालबागची खोली सोडल्यावर हेच झालं, सहा महिने ती खिडकीशी बसून होती. मग एक दिवस तिने चार वाजता आतलं दार उघडं टाकलं, फक्त सेफ्टी डोअर लावलं आणि त्याच्यामागे मोडा घेऊन लसूण सोलत बसली. पहिल्या आठवड्यात नुसत्या चपला दिसल्या म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात समोरची मुलगी थांबून विचारायला लागली, आजी एवढा लसूण कशाला! तुम्ही हे करून बघा, वेळ मात्र रोज तीच ठेवा म्हणजे लोकांना कळतं की या वेळेला मावशी दारात असतात.

शेजारणीचा वार ठरवा, एक दिवस तिच्याकडे एक दिवस तुमच्याकडे. लिफ्टसाठी नातीला आठ दिवस संध्याकाळी बरोबर घ्या, पण बटण तुम्हीच दाबायचं, तिने हात लावायचा नाही, आणि अलार्मचं बटण कुठलं तेही बघून ठेवा, निम्मी भीती तिथेच जाते. खाली उतरलात की जांबोरी मैदान काही कुठे गेलेलं नाही, तुमच्या ओळखीची माणसं अजून तिथेच सापडतील. गावाला जावंसं वाटलं तर बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे आणि शेजारीण ७५ च्या पुढची असेल तर तिला फुकट, दोघी जा.

झोपेचं म्हणाल तर हॉलमध्ये नातवंडांजवळ अंथरूण घाला की. इतकी वर्षं माणसांच्या श्वासात झोपलेल्या बाईला एकदम बंद खोलीत झोप कशी लागणार, त्यात लाजण्यासारखं काय आहे. पण जेवण जात नाही, रोज रडू येतं असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर डॉक्टरांकडे जा, ते अंगावर काढू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन नंबर पण आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे पडत नाहीत.

आणि बारशाचं. ते वाचून मला खरंच भरून आलं मावशी. मिस्टर असताना तुम्ही पाळणा म्हणायचात ना? मग तो आवाज त्यांच्या ओळखीचाच होता. त्यांच्या माघारी तुम्ही बारा वर्षं निभावलं, आता दुसऱ्याच्या बाळाच्या पाळण्याला हसलात तर कोणाचं काय घेतलंत? पुढच्या बारशालाही जा आणि जरा बरी साडी नेसून जा.

नातीला एक काम सांगते. आजीला खुश राहा असं म्हणू नकोस गं. तिला विचार आपल्या मजल्यावरच्या वीस खोल्यांमध्ये कोण कोण राहायचं, पहिल्या खोलीपासून सुरू कर आणि मोबाईलवर रेकॉर्ड कर. एका दुपारी सात आठ खोल्यांच्या पुढे जाणार नाहीस बघ.