सोनाका मिनेसोटात जगेल का?

प्रश्न : नान्नजजवळ आमची सोनाका द्राक्षांची बाग आहे. मुलगी अमेरिकेत मिनियापोलिसला असते. तिला परसात कुंपणालगत द्राक्षाचे दोन-तीन वेल लावायचे आहेत. इथून काड्या पाठवल्या तर जगतील का? छाटणी आपल्यासारखीच दोनदा करायची का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : काड्या पाठवू नका. परवान्याशिवाय त्या तिथे नेता येत नाहीत, आणि सोनाका तिथे टिकणारही नाही. ती थॉम्पसन सीडलेस या द्राक्षजातीच्या कुळातली. या कुळातल्या वेलींचे डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, उणे 20 अंशांच्या आसपास मरतात, खोडही तडकतं. मिनियापोलिसला पारा जवळपास दरवर्षी त्याच्याही खाली जातो.

बिनबियांची हवी असतील तर सॉमरसेट सीडलेस लावा. एल्मर स्वेन्सन यांनी विस्कॉन्सिनमध्ये तयार केलेली ही जात उणे 30 अंशांपर्यंतची थंडी सोसते. मणी लहान, लालसर आणि गोड असतात. सोबतीला ब्लूबेल घ्या. मिनेसोटा विद्यापीठाने ती 1944 मध्ये दिली. तिला बिया असतात, साल गरापासून सुटते, पण जेली आणि रसाला ती उत्तम. कॉन्कॉर्डचं नाव सगळीकडे ऐकू येतं, पण ती उशिरा पिकते, त्यामुळे तिथल्या छोट्या हंगामात मणी आंबटच राहण्याची भीती असते.

आपण डॉगरिज या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळांवर, कलम करतो. तिथे मात्र स्वतःच्या मुळांवरचीच रोपं मागा. कडक हिवाळ्यात वरचं खोड मेलं, तरी खालून तीच जात पुन्हा फुटते. कलम असेल तर खुंटच वाढेल.

मे महिन्यात दिवसभर ऊन लागेल अशा जागी, दोन वेलींत 6 ते 8 फूट अंतर ठेवून लावा आणि दोन डोळ्यांवर कापा. पहिली दोन वर्षं घड खुडून टाका. जुलैनंतर नत्र देऊ नका. उशिरा दिलं की काडी पिकतच नाही, हिरवीच राहते आणि पहिल्या कडाक्यात काळी पडते.

छाटणीत मुलीची सर्वांत मोठी चूक होईल ती तुमची ऑक्टोबरची सवय तिथे चालवण्याची. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळांसाठी गोडी छाटणी, शिवाय डोळे फुटायला त्यांना औषध लावणं, म्हणजे पेस्टिंग. तिथे थंडीच डोळे फोडायची तयारी करते. छाटणी एकदाच, मार्चअखेर. शरदात कापलं तर हिवाळ्यात किती डोळे मरणार याचा अंदाज येण्याआधीच हातातली काडी गेलेली असते.

मार्चमध्ये आधी दहा डोळे ब्लेडने आडवे कापून पाहायला सांगा. आत हिरवा ठिपका म्हणजे जिवंत, तपकिरी म्हणजे मेलेला. निम्मे मेले असतील तर दुप्पट डोळे राखा. एरवी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, गेल्या वर्षीच्या चार काड्या, प्रत्येकी दहा डोळ्यांच्या, आणि पुढच्या सालासाठी खोडाजवळ दोन डोळ्यांवर कापलेल्या चार आखूड काड्या ठेवायच्या. बाकी सगळं काढायचं. कापातून पाणी ठिबकलं तर घाबरू नये, त्याने वेलीला काही होत नाही.